बारा तुकड्यांचं कडं

बाराव्या तुकड्याच्या शेजारी फट राहिली होती. बाहेरच्या कडेला नऊ मिलिमीटर, आतल्या कडेला सहा. मी स्टीलची पट्टी लावून दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

कडं टेबलावर नुसतंच मांडलेलं होतं, अजून गोंद लागला नव्हता. एक तुकडा शिसवीचा काळा, एक फणसाचा पिवळा, असे आळीपाळीनं बारा. प्रत्येकाची दोन्ही टोकं पंधरा अंशांनी तिरकी कापलेली. चोवीस काप बिनचूक असले की वर्तुळ आपोआप मिटतं. एकेका कापात अंशाचा जेमतेम पाचवा भाग कमी पडला तरी तो चोवीस वेळा कमी पडतो आणि सगळी तूट शेवटच्या तुकड्यापाशी येऊन उभी राहते. ही चूक कोणाचीही होऊ शकते. आबांची, माझ्या वडिलांची, होत नसे.

“काय मोजतीस एवढं?” आबा स्टुलावरून म्हणाले. “आवळ की दोरीनं.”

“आबा, मिटत नाही.”

“मिटतंय. दाब जरा.”

मी दाबलं. फट पलीकडच्या बाजूला सरकली.

“थंडीनं आकसलं असंल लाकूड,” आबा म्हणाले.

मार्चचा दुसरा आठवडा होता. डोक्यावर पंखा फिरत होता आणि आबांनी बनियनची बाही खांद्यापर्यंत वर केली होती.

“असेल,” मी म्हणाले. “तुम्ही आत जाऊन चहा घ्या. ओट्यावर झाकून ठेवलाय. मी चिकटवते.”

ते उठले, पण दारात थांबून मागं वळून बघत राहिले. मग गेले.

मी सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी चिकटवली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर जाड काचेवर पॉलिशपेपर पसरला आणि दोन्ही अर्ध्यांच्या उघड्या कडा त्यावर घासत बसले. आतली बाजू थोडी थोडी झिजते, कड सरळ होते आणि दोन अर्धी एकमेकांना अशी भिडतात की सांध्यात केस जात नाही. ही युक्ती आबांनीच मला दाखवली होती, तीही तोंड वाकडं करून. “लबाडी हाय ही. आमच्या शॉपमधी कुणी केली असती तर दारातनं भाईर काढला असता. पण ठाऊक असावी.”

आबांचं शॉप म्हणजे उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीचं पॅटर्नशॉप. तिथं त्यांनी छत्तीस वर्षं काढली. यंत्राचा जो भाग बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ओतायचा असेल तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा, लाकूड काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. मोठी चाकं अखंड लाकडात केली तर वाकतात, म्हणून ती अशी तुकड्या-तुकड्यांनी जोडायची. निवृत्त झाल्यावर आबांनी मागच्या पडवीत छोटी गोल करवत आणि लेथ बसवली आणि तेच कसब घरच्या वस्तूंवर चालवलं: फळांच्या परड्या, कुंकवाच्या डब्या, झाकणावर जडावकाम केलेल्या पेट्या. आबांच्या, म्हणजे बळवंत मिस्त्रींच्या, हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. त्या धंद्यात ही गोष्ट लोक पुरस्कारासारखी सांगत.

आई गेल्यावर मी आणि आबा दोघंच राहिलो. या कड्याच्या वेळी मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि सकाळी सात ते बारा फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेत होते. त्या मार्चला आता सोळा वर्षं झाली.

त्या गुरुवारी दादाचा पुण्याहून फोन आला.

“शालन, ठरलं का तुझं?”

हा प्रश्न गणपतीपासून चालू होता. ऑगस्टमध्ये आबा महाद्वार रोडला गेले आणि घरी यायची वाट विसरले. पानवाल्यानं ओळखलं म्हणून रिक्षात घालून पाठवलं. नोव्हेंबरात मी कॉलेजातून आले तर पडवीत करवत गरगर फिरत होती आणि तिथं कोणीच नव्हतं. आबा पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. दुसरी गोष्ट मी दादाला सांगितली नव्हती. शेजारच्या शिंदेकाकूंनी ती त्याला सांगितली.

दादाचं म्हणणं सरळ होतं. आबांना पुण्याला आणायचं, तिथं डॉक्टरना दाखवायचं, करवत बंद करायची. “पण तू त्यांच्याजवळ असतेस,” तो म्हणायचा. “तुला दिसतं ते मला नाही दिसत. तू म्हणशील तसं.” मी दिवाळीपर्यंत सांगते म्हणाले. मग संक्रांतीपर्यंत म्हणाले.

“लग्न होऊ दे,” मी त्या गुरुवारी म्हणाले.

“पाट कुठवर आलेत?”

दादाच्या मुलीचं, केतकीचं, लग्न मे महिन्यात होतं. वधूवरांना बसायला दोन पाट आबा करणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. सागवानी पाट, प्रत्येकाच्या मधोमध शिसवी-फणसाचं एक कडं जडवलेलं.

“एक झाला. दुसऱ्याचं कडं राहिलंय.”

“आबाच करतायत ना?”

“आबाच.”

“कसा झालाय?”

“सांधा दिसत नाही.”

दादानं सुस्कारा टाकला. “मग बरंय. हात चालतोय म्हणजे डोकं चालतंय. मी उगाच घाई करतोय का गं? शिंदेकाकूंना काय, काहीही वाटतं. पाच तारखेला येतो, पाट घेऊन जातो. ते बघून मग मी तुला परत विचारणार नाही. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले.

कॉलेजात मी जर्नल तपासायचे तेव्हा अति जुळणारी रीडिंग्ज दिसली की त्यांवर लाल रेघ मारायचे. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणायची, “मॅडम, खरंच एवढंच आलं.” मी म्हणायचे, “उद्या माझ्यासमोर पुन्हा घे.” आणि दुपारी घरी येऊन मी काचेवर लाकूड घासत बसायचे.

का, ते मला तेव्हा एवढंच कळत होतं की आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आबा दिवसभर करतील काय. दुसरं एक कारण होतं. आबा रात्री तीनदा उठून दाराची कडी उघडायचे, सकाळी डबा मागायचे, साडेसातला कामावर निघायचे आणि मी कॉलेजला जाताना शिंदेकाकूंना किल्ली देऊन त्यांना आत कोंडून जायचे. आबा गेले तर मला सलग झोप मिळणार होती. ती मला इतकी हवी होती की तिची लाज वाटायची. त्यामुळे दादाला “ने” म्हणावंसं वाटलं की तोंडातून “बरे आहेत” असंच निघायचं.

दुसरं कडं आबांनी मी नसताना केलं. मी आले तेव्हा ते चिकटवून, बाहेरून गोल घासून टेबलावर ठेवलेलं होतं. फट नव्हती. मी उजेडाकडे धरून फिरवलं. बाराही सांधे बंद. तुकड्यांतल्या रेघा एकातून दुसऱ्यात वाहत गेल्यासारख्या.

“आबा!” मी म्हणाले. “काय सुंदर झालंय हे.”

“मग? म्हातारा झालो म्हणून काय लाकूड कापता येत न्हाई?” त्यांनी मिशीवरचा भुसा झटकला. “शिंद्याच्या बायकोला दाखव. लई चुगल्या करती.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“भिंत पातळ हाय. आणि तिचा आवाज जाड.”

आम्ही दोघं हसलो. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी दुसरा पाट भिंतीपासून काढून टेबलावर आडवा ठेवला. पाटांच्या फळ्या आणि मधली गोल खोबण आबांनी जानेवारीतच करून ठेवली होती, तेव्हा त्यांचे दिवस बरे जात होते. मी कडं खोबणीवर ठेवलं.

ते आत जाईना. सगळीकडून थोडं थोडं वर राहत होतं.

खोबण मोजली. व्यास दोनशे चाळीस, कागदावर होता तेवढाच. कडं मोजलं. दोनशे बेचाळीस आणि वर अर्ध्याला थोडं कमी. फरक दोन पूर्णांक चार दशांश. दोनशे चाळिसाचा बरोबर एक टक्का.

निष्काळजीपणातून इतका नेमका आकडा येत नाही. मी टेबलावर नजर फिरवली. पटाशीच्या शेजारी एक जुनी पट्टी पडली होती.

ती मी लहानपणापासून पाहिलेली होती. वितळलेलं बीड थंड होताना शंभराला एक या मानानं आकसतं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांकडे पट्टीच वेगळी असते. तिच्यावर लिहिलेला सेंटिमीटर खऱ्यापेक्षा शंभरावा भाग लांब. निवृत्तीच्या दिवशी आबांनी ती पट्टी तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी टाकली होती आणि आईला सांगितलं होतं, “हिला हात लावू नगंस. घरात ही खोटं बोलती.”

“आबा, ही पट्टी कुठून काढलीत?”

“कपाटातनं. कुणी ठेवली हुती तिथं कुणास ठाऊक. दोन तास हुडकली.”

“कडं मोठं झालंय. खोबणीत बसत नाही.”

“मोठंच असणार की.” ते माझ्याकडे बघून मायेनं हसले. “ओतल्यावर आकसतंय, शाले. एवढं शिकलीस आणि एवढं ठाऊक न्हाई व्हय?”

मी कडं खोबणीवरून उचललं.

“बीडाचंच हाय न्हवं?” त्यांनी एकदम विचारलं. “का सायबानं आल्युमिनियम सांगितलंय? मग दुसरी पट्टी लागंल. त्ये जास्त आकसतं. आधी सांगत जा की गं.”

त्यांचा आवाज खणखणीत होता. कित्येक दिवसांत ते सलग इतकं बोलले नव्हते. सगळं बरोबर होतं. फक्त ते वीस वर्षं मागं उभे होते.

“बीडाचंच आहे,” मी म्हणाले.

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पाच तारखेला सहा दिवस होते. मी ते कडं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. पुढच्या दोन दुपारी आबा जेवून झोपले की पडवीचं दार ओढून घेऊन करवत चालू केली. आबांशिवाय तिच्यापुढं मी कधी उभी राहिले नव्हते. पंधरा अंश लावले, दोन वाया जाणाऱ्या तुकड्यांवर तपासले, पुन्हा लावले. पात्यापासून बोटं किती लांब आहेत हे मी सतत मनात मोजत होते. शिसवी लाकूड संपत आलं होतं, फणसाची एकच फळी उरली होती आणि तिला गाठ होती. मी खालच्या खोक्यातले उरलेले तुकडे चाळले आणि जमतील तेवढे वापरले. अंगात आधीच दमणूक होती. बाराव्या तुकड्यापर्यंत माझे खांदे दगडासारखे झाले होते. कडं मिटलं, गोल घासलं, खोबणीत टपकन बसलं. मला आनंद झाला नाही. फक्त एक काम हातावेगळं झालं होतं.

रविवारी दादा अकराच्या सुमारास आला. एकटाच, गाडी घेऊन. आबांनी त्याला बरोबर ओळखलं, नाव घेतलं, “वाळलास” म्हणाले. मी पोहे केले. दादानं दोन्ही पाट खिडकीपाशी उजेडात उभे केले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून जमिनीवरच बसला.

“आबा,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “पुण्यात हे दाखवलं तर लोक माझ्या दारात रांग लावतील हो. वऱ्हाडी मंडळी नवरानवरी सोडून पाटच बघत बसतील.”

“नवरीला बसायला सांग सरळ,” आबा म्हणाले. “तुझ्यासारखी वाकडी बसली तर पाटाला बोल लागंल.”

दादा मोठ्यानं हसला. माझ्याकडे वळून हलकेच म्हणाला, “शालन, चुकलो बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं काम आहे हे? मी नाही परत विचारणार तुला.”

मी पोह्यांच्या बशा उचलल्या. मला रडू येत होतं आणि ते सुटका झाल्याचं नव्हतं.

आबा उठून खिडकीपाशी आले. पहिल्या पाटावरून त्यांनी हात फिरवला, कड्याच्या एका सांध्यापाशी नख थांबलं, पुढं गेलं. मग दुसऱ्या पाटाशी वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

“हे कुणी केलंय?”

“तुम्हीच की,” दादा म्हणाला.

“मी न्हाई.”

दादानं माझ्याकडे पाहिलं.

“आबा, केतकीच्या लग्नाचे पाट हे. आठवतंय का? तुम्ही केलेत, गेल्या महिन्यात.”

“पाट माझा हाय. फळ्या माझ्या, खोबण माझी. हे कडं माझं न्हवं.” त्यांनी बोटानं एकेका तुकड्यावर टिचकी मारली. “मी काळं सगळं एका पट्टीतनं काढतो, पिवळं एका पट्टीतनं, आणि वळीनं लावतो. रेघंला रेघ लागली पायजे. ही रेघ बघ कुटं चालली, ही बघ कुटं. हितं तर गाठ हाय. खोक्यातलं गोळा करून लावलंय कुणीतरी.”

“बरं बरं,” दादा म्हणाला. लहान मुलांशी बोलताना काढतात तसा आवाज त्यानं काढला. “नसेल तुमचं. आपण नंतर बघू हं. बसा तुम्ही. दमलात.”

“दमलो न्हाई.”

“बसा तरी.” मग मान वळवून, आबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, मला म्हणाला, “स्वतः केलेलं ओळखत नाहीत? असं कधीपासून चाललंय?”

पण आबांना ऐकू गेलं.

“मला येडा समजू नगंस, अरविंदा. हात विसरंल पण डोळा न्हाई विसरत.” ते माझ्याकडे वळले. “शाले, सांग की गं ह्याला. तू हुतीस की हितं.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. दादाच्या नजरेत कीव होती, आबांसाठी. आबा वाट बघत होते. ते म्हणत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि मी गप्प राहिले असते तर तोच त्यांच्या वेडाचा पुरावा झाला असता. मी हातातल्या बशा स्टुलावर ठेवल्या.

“आबा बरोबर सांगतायत,” मी म्हणाले. “ते कडं मी केलंय.”

“तू?” दादा म्हणाला.

“त्यांनी केलेलं माळ्यावर आहे. त्यांनी जुन्या पट्टीनं मापं घेतली होती. त्यांना वाटलं ते बीडात ओतायचंय.”

“आणि हा पहिला पाट?”

“तो घासून जुळवलाय. दिवाळीपासून घरातनं बाहेर गेलेली एकही वस्तू मी जुळवल्याशिवाय गेलेली नाही.”

“फोनवर तू मला—”

“खोटं सांगत होते.”

आबा अजून पाटाशीच उभे होते. “काचंवर घासलंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“वाटलंच मला. आतल्या अंगाला तुकडं बारीक लागलं.” ते थांबले. “किती फट हुती?”

मी काहीतरी छोटा आकडा सांगू शकले असते.

“नऊ मिलिमीटर, आबा.”

“नऊ,” ते म्हणाले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून तेवढी लांब धरली. अंतर बरोबर नऊच्या आसपास होतं. ते त्या दोन बोटांमधून पाटाकडे बघत राहिले, मग हात खाली सोडला आणि चाचपडत मागच्या खुर्चीवर बसले. “नऊ म्हंजे काय ऱ्हायलंच न्हाई.”

दादा जमिनीवरून उठला. “पण का, शालन? मी काय जबरदस्ती करत होतो का तुला? मी तर रोज म्हणत होतो, तू सांगशील तसं.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “मीच सांगायचं होतं म्हणून.”

मी आबांच्या खुर्चीपुढं खाली बसले. त्यांच्या बनियनवर शिसवीचा काळा भुसा होता. तो मी झटकला नाही. हे दादाला सांगणं सोपं गेलं असतं, पण मला ते आबांना सांगायचं होतं, आणि ते मला ओळखत होते तोवरच.

“आबा,” मी म्हणाले, “करवत आजपासून बंद. तुम्ही आज दादाबरोबर पुण्याला जा. माझ्याच्यानं आता होत नाही.”